पळवणाऱ्या सरांची जागा रिकामी ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. कॉलेजचे भूगोलाचे सर निवृत्त, शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्राचार्यांनी आभार मानले, संपलं. फोटोत मधोमध पाहुणे आणि सर अगदी कडेला, अर्धा खांदा कापलेला. बातमी खोटी नाही, पण सरांनी आयुष्यभर जे केलं तेच तिच्यात आलं नाही म्हणून लिहितेय, पत्र लांबलं तर काटछाट करा, फक्त शेवटची मागणी तेवढी छापा.

सरांनी एकतीस वर्षं रोज पहाटे साडेपाच ते साडेसात कॉलेजच्या पोरापोरींना लांब पल्ल्याचं पळायला शिकवलं. पूर्णवेळ क्रीडा संचालकाची जागा आमच्या वेळी रिकामीच होती, मग जिमखान्याचा चार्ज कुणाच्या तरी गळ्यात मारायचा म्हणून तो नव्या भूगोलाच्या सरांना दिला आणि सरांनी तो जन्मभराचं काम असल्यासारखा घेतला. आठ वाजता घरी जाऊन आंघोळ, दहाला वर्गात खडू हातात. मी 2004 ते 2007 त्यांच्याकडे पळाले. माझ्या नावावर एकही वैयक्तिक मेडल नाही हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आपल्याकडे एक वाक्य लहानपणापासून ऐकतेय, कोकणातल्या पोरांना दम नाही. दमट हवा, भात-मासे खाणारी माणसं, यांचं काम कबड्डीचं नाहीतर क्रिकेटचं, लांब पळावं ते घाटावरच्यांनी. आणि नावंही तशीच पुढे केली जातात. कविता राऊत नाशिककडची, ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, अविनाश साबळे बीडमधल्या आष्टी तालुक्यातला. तिघांचाही मला मनापासून अभिमान आहे. कविताने 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये 10,000 मीटरचं ब्राँझ घेतलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये रडले होते, आणि बर्मिंगहॅमला 2022 मध्ये साबळेचं स्टीपलचेसचं (अडथळे ओलांडत पळायची लांब शर्यत) गोल्ड एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकलं तेव्हा शाळेतली पोरं आणि मी मिळून ओरडत होतो. पण हवेमुळे ते घडले आणि हवेमुळे आपण घडलो नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा बघावं की कविताला नाशिकला विजेंदर सिंगांसारखे कोच वर्षानुवर्षं होते आणि साबळे तर बारावीनंतर फौजेत गेला, तिथे क्रॉस कंट्रीत उतरला आणि अमरीश कुमार या कोचच्या हाती लागला. म्हणजे मधे कुणीतरी माणूस आहे. रोज उठून येणारा, वही ठेवणारा.

सरांकडे वह्या होत्या. लाल पुठ्ठ्याची लाँगबुकं, दर वर्षाची एक. त्यात प्रत्येकाच्या नावाचं पान आणि पहिला रकाना पहाटेच्या नाडीचा. झोपेतून उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावायच्या आधी, मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. माझी साधारण साठ असायची. एक दिवस बहात्तर आली, मी ती सांगितली आणि सर म्हणाले, आज पळायचं नाही, घरी जा आणि झोप. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. तर म्हणाले, अगं शरीर सांगतंय ना की कालचं अजून भरून आलेलं नाही, तू ऐक त्याचं. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला.

आणि सरांचं पंचांग. हे मी कुठल्याच कोचकडे पुढे बघितलं नाही. आमच्या कॉलेजचं ग्राउंड म्हणजे फक्कीने आखलेलं दोनशे मीटरचं वर्तुळ, त्यावर 10,000 मीटर म्हणजे पन्नास फेऱ्या, सर डाव्या खिशात पन्नास चिंचोके घेऊन उभे राहायचे आणि प्रत्येक फेरीला एक उजव्या खिशात टाकायचे. त्या ग्राउंडवर रोज पळवलं तर पोरांच्या नडग्या जातात, डांबरी रस्त्यावर त्याहून वाईट, सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, कातळ आणि पावसात त्यावर शेवाळ. मग राहिली पुळण, समुद्रकाठची वाळू. पण सुकी वाळू पाय ओढते, घोटे मुरगळतात, पळायला हवी ती ओहोटीने उघडी पडलेली ओली घट्ट वाळू आणि ती रोज एकाच वेळी मिळत नाही, भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. सरांनी होडीवरच्या एका तांडेलाकडून, आमच्यातल्याच एकाचे वडील, हिशेब शिकून घेतला. तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ आली. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती, सहा तास मागे या, पहाटे पाचला ओहोटी आणि उधाणाचे दिवस म्हणून पाणी लांब गेलेलं. अष्टमीला आठचे सहा, म्हणजे पहाटे सहालाच भरती, पुळण नाहीच. मग आमचं महिन्याचं टाइमटेबल तसंच असायचं, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भाट्याच्या पुळणीवर लांबचं पळणं आणि अष्टमीकडे भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, घाटी चढायची नाहीतर ग्राउंडवर चारशेचे तुकडे. आम्ही भूगोलात भरती-ओहोटी पाठ केली नाही कधी, तळपायांना माहीत होती. वर्गात सर चंद्र-सूर्य-पृथ्वीची आकृती काढायचे तेव्हा पळणाऱ्या पोरी मागच्या बाकावर हसायच्या आणि बाकीच्यांना कळायचं नाही का हसतायत.

आता ज्या गोष्टीसाठी खरं पेन हातात घेतलं ती. 2004 चा ऑगस्ट, मी एफवायला, पळायला लागून दोन महिने झालेले. अथेन्स ऑलिंपिकमधली बायकांची मॅरेथॉन झाली आणि दोन-तीन दिवसांनी सर कात्रण घेऊन आले. अमेरिकेची दीना कास्टर, तिसरी आली होती. त्या दिवशी तिथे भयंकर ऊन, पहिल्या टप्प्यात ती बरीच मागे होती आणि पुढच्या एकेकीला गाठत गाठत तिने ब्राँझ घेतलं, अमेरिकेला बायकांच्या मॅरेथॉनमध्ये 1984 नंतर मिळालेलं पहिलं मेडल. आम्हाला वाटलं सर तिच्याबद्दल सांगणार. सर म्हणाले, हिच्या कोचबद्दल सांगतो.

कोचचं नाव जो विजिल. कोलोरॅडो राज्यात अलामोसा नावाचं एक लहान शेतीवाडीचं गाव, समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांवर, थंडीत पारा शून्याच्या पार खाली. विजिल त्याच खोऱ्यातले. आधी तिथल्या हायस्कूलमध्ये शिकवलं, मग 1965 पासून अठ्ठावीस वर्षं तिथल्याच अॅडम्स स्टेट कॉलेजात. शिक्षक तयार करायला म्हणून निघालेलं छोटं कॉलेज, मोठ्या युनिव्हर्सिट्यांसारखा पैसा नाही. माणूस व्यायामाच्या शरीरशास्त्रात डॉक्टरेट केलेला, वर्गात शिकवणारा आणि पहाटे पोरांना पळवणारा. त्या कॉलेजने त्यांच्या काळात 19 राष्ट्रीय टीम विजेतेपदं घेतली. सर हे सांगताना थांबले आणि म्हणाले, गाव लहान आहे ना, चालतंय.

क्रॉस कंट्रीचा हिशेब वाचकांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगते. माळावरून, चढ-उतारावरून पळायची ही शर्यत, आणि टीमचे गुण म्हणजे पळणाऱ्यांच्या नंबरांची बेरीज. पहिला आला त्याचा एक, दहावा आला त्याचे दहा, ज्या टीमची बेरीज कमी ती वर. अमेरिकेत टीममधले पहिले पाच जण धरतात. म्हणजे कमीत कमी बेरीज किती, एक दोन तीन चार पाच, पंधरा. 1992 मध्ये त्यांच्या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजिलांच्या पोरांनी बरोबर पंधरा केले. पहिले पाचही त्यांचेच! सरांनी फळ्यावर 1+2+3+4+5 लिहिलं आणि पाचाला गोल केला. म्हणाले, एक हिरा कुणालाही सापडतो, नशीब असलं की सापडतो, हा पाचवा नंबर मात्र घडवावा लागतो, कोच कसा आहे ते पाचव्यावरून ओळखा.

आमच्या टीममध्ये ज्यांचे नंबर धरले जायचे त्यातली शेवटची मी होते. दोन वर्षं. पहिल्या नंबरच्या पोरीइतकाच वेळ सरांनी मला दिला, खरं तर जास्तच, कारण ती आपली आपण पळायची आणि मी प्रत्येक चढाला बसायला बघायचे. शर्यतीत सर कधी फिनिशला उभे राहायचे नाहीत, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी उभे राहायचे, आणि मी आले की पुढच्या पोरीचं अंतर सांगायचे, चार पावलं, आता तीन, फक्त तेवढंच. फायनल इयरला त्या चढावर मी तिघींना मागे टाकलं आणि आमची टीम दोन गुणांनी तिसरी आली. आम्ही रात्री पॅसेंजरने परत आलो, जागा नव्हती, दारात वर्तमानपत्र अंथरून बसलो आणि सर आम्हाला चणे वाटत होते.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. एसवायला मी मधेच ढेपाळले, चार किलोमीटरला डोळ्यासमोर अंधारी यायची, वेळ वाढत गेली. दुसरा कोण असता तर म्हणाला असता आळस करते. सरांनी नाडीची वही काढली, तीन आठवडे सकाळचा आकडा चढत चाललेला, त्यांनी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. हिमोग्लोबिन 8.6. मग संध्याकाळी सर आमच्या घरी आले. आई पडवीत नाचणी पाखडत होती, तिने पहिल्यांदाच ऐकवलं, सर, बाय माझी सुकत चाललीय, तुमचं ते पळणं बंद करा, उद्या कोण करेल हिला. सर शांतपणे म्हणाले, वहिनी, तिला पळू द्या सांगायला मी आलोच नाही, तिचं रक्त कमी आहे, ते पळली नसती तरी कमीच असतं, फक्त कळलं नसतं. मग अर्धा तास बसून त्यांनी आईला सांगितलं, लोहाची गोळी चहाबरोबर द्यायची नाही, चहाने ती अंगी लागत नाही, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर द्या, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, जमेल तेव्हा बांगडा, आणि पहाटेचा बिनदुधाचा चहा आधी बंद. आई म्हणाली, हे एवढंच? चार महिन्यांनी 11.9 झालं. तेव्हापासून आमच्या घरात कुणीही जेवणावर चहा घेत नाही, माझ्या दोन्ही वहिन्यासुद्धा. देशात 15 ते 49 वयातल्या शंभरातल्या 57 बायकांना रक्त कमी आहे असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. मी आज ज्या शाळेत शिकवते तिथे आठवीतल्या पोरींना धाप लागलेली बघते आणि मला आईची पडवी आठवते. पळणं शिकवणारा माणूस गावात असला की असल्या गोष्टी आपोआप उघड होतात, दम कुठे कमी पडतोय ते पळतानाच कळतं.

हवेचंही सरांचं उत्तर ठरलेलं होतं. दमट हवेत घाम सुकत नाही म्हणून अंग थंड होत नाही, नाडी वाढते, हे खरंच आहे, त्याला नाव ठेवून उपयोग नाही. पण दहा-बारा दिवस नेमाने, हळू, उन्हाची सवय करत पळलं की शरीर रक्तातलं पाणी वाढवतं आणि घाम लवकर सुटायला लागतो. त्यासाठी घड्याळ सोडायचं आणि पळताना बाजूच्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा, आम्ही आठवड्यातलं बहुतेक पळणं गप्पा मारतच करायचो. पळायच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं करायचे, किलोभर कमी झालं म्हणजे लिटरभर पाणी गेलं, ते भरून काढायचं, आणि त्याला त्यांनी औषध काय दिलं तर उकड्या तांदळाची पेज, वर मीठ. बाटलीतलं रंगीत पाणी आम्ही बघितलंही नव्हतं. विजिलांनी आपलं थंड उंच माळरान वापरलं, सरांनी आपला घाम आणि आपली पुळण वापरली, मला तरी दोन्ही एकाच शाळेतले मास्तर वाटतात.

जो विजिल 2025 च्या जुलैत गेले, 95 वर्षांचे होते. मी सरांना फोन केला. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, त्यांचं काम चालू आहे गं. आणि ते खरंच आहे, विजिल कॉलेज सोडून गेले तेव्हा त्यांच्याच हाताखाली पळालेल्या डेमन मार्टिन यांनी ते काम हातात घेतलं आणि अॅडम्स स्टेट पुढेही विजेतेपदं घेत राहिलं. पळणारा पोरगा कोच झाला, म्हणजे वही पुढच्या हातात गेली.

आमच्याकडे काय झालं ते लिहिताना हात थरथरतोय. सर निवृत्त झाले त्या महिन्यात जिमखान्याची खोली दुसऱ्या कामासाठी रिकामी केली आणि त्या एकतीस वह्यांपैकी एकोणीस रद्दीत गेल्या. कुणी मुद्दाम केलं नसेल, कुणाला माहीतच नव्हतं त्या कसल्या आहेत. आमच्यातल्या एकाने रद्दीच्या दुकानात जाऊन शोधलं तोवर उशीर झालेला. बारा वह्या उरल्यात, त्या सरांच्या घरी लोखंडी ट्रंकेत आहेत. माझी 2005-06 ची नाही. सर काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, तुझ्या लक्षात आहे ना सगळं?

आता पहाटे ग्राउंडवर कोणी नसतं. म्हणजे भरतीवाली पोरं असतात, पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800, ती जाहिरात आली की महिनाभर जीव तोडून पळतात, पहिल्याच दिवशी पूर्ण ताकद लावतात, नडग्या सुजवतात, बर्फ लावतात आणि परत तेच. सरांकडे अशी पोरं यायची तेव्हा ते विचारायचे भरती कधी आहे, आणि महिना म्हटलं की सांगायचे, आता दुखापत न होता जेवढं होईल तेवढं करू आणि भरती झाली की दुसऱ्या दिवसापासून ये, पुढच्यासाठी. काही यायची. त्यातले दोघे आज वर्दीत आहेत. आणि हल्ली आपल्या किनाऱ्यावर मॅरेथॉनही होतात, मला आनंदच आहे, बायका साडी नेसून पळतात ते बघून बरं वाटतं (पाच किलोमीटरला मॅरेथॉन म्हणू नये एवढं मात्र वाटतं, ती 42.195 ची असते). पण ती एका रविवारची गोष्ट. टी-शर्ट मिळतो, फोटो निघतो, आणि सोमवारी त्या पळालेल्या शाळकरी पोरीला आता पुढे काय करू हे सांगायला कोणी नसतं.

तर मागणी अशी. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या ज्या कॉलेजात क्रीडा संचालकाची जागा रिकामी आहे तिथे ती भरा, आणि भरेपर्यंत ज्या कुणा प्राध्यापकाकडे जिमखाना दिलाय त्याचे पहाटेचे दोन तास वर्कलोडमध्ये धरा. सरांचे एकतीस वर्षांचे दोन तास कुठल्याच कागदावर नाहीत. दुसरं, जुन्या खेळाडूंना मानधनावर का होईना कोच म्हणून घ्या, आम्ही आहोत, चाळिशीच्या आसपासचे, पळता येतं आणि शिकवताही येतं. तिसरं तुमच्याकडे, संपादक साहेब. मेडलची बातमी छापता तेव्हा वार्ताहराला एवढंच सांगा की शिकवणाऱ्याचं नाव विचारून घे, आणि कोच निवृत्त झाला तर त्याला चार ओळींपेक्षा जास्त जागा द्या आणि फोटोत मधे उभं करा.

बारा वह्यांचे आम्ही मोबाइलवर फोटो काढून ठेवायला घेतलेत, सात झाल्या. सर शेजारी बसून जुनी नावं वाचतात आणि कोण कुठे आहे ते सांगतात. माझ्या शाळेतल्या सहा पोरी पळायला लागल्यात, त्यांची वही मी जूनपासून सुरू केलीय, पहिला रकाना नाडीचा. येत्या पौर्णिमेला पहाटे पाचला आम्ही भाट्याला असू, सर येतो म्हणालेत, चिंचोके नको म्हटलं तरी आणणार आहेत.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, आता माध्यमिक शिक्षिका
रत्नागिरी तालुका